पाकिटातला पंक्तिप्रपंच

बेसबॉल कार्डांचं पाकीट फोडलंत. आत खेळाडू निघाले ते तीन यांकीज, दोन डॉजर्स, एक रेड सॉक्स, एक ओहतानी (हा डॉजर्सचा महाखेळाडू; त्याला डॉजर्समध्ये धरायचं की तो स्वतःच एक संघ, यावर घरात वाद झाला) आणि तुमच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा एकही नाही. दुसरं फोडलंत, पुन्हा तेच. तिसऱ्यात एक पायरेट निघाला, पण तो गेल्याच आठवड्यात दुसऱ्या संघात गेलेला.

अशा वेळी खचायचं नसतं. अन्याय झालाय हे आधी ठरवून टाकायचं आणि मग सावकाश पुरावे गोळा करायला बसायचं. मी पिट्सबर्गमध्ये राहणारा मराठी माणूस आहे. अन्याय झाल्याची भावना मी येतानाच सामानातून आणली होती, चकलीच्या भाजणीशेजारी. इथल्या संघानं तिला फक्त खतपाणी घातलं. १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, नाही. १९९३ ते २०१२ सलग वीस हंगाम जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. तेव्हा बेसबॉल कार्डांच्या दुनियेत कोणत्या संघाला किती पान वाढलं जातं, या विषयावर सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही.

सर्वप्रथम एक्सेल उघडा. मेजर लीगचे तीस संघ, तीस रकाने. तुमच्या मुलाला कार्डावरचा पिचर कुठल्या हातानं टाकतो, मागच्या बाजूला त्याचे आकडे काय आहेत, असल्या गोष्टींचा नाद असेल तर तो वेळीच सोडवा. कार्ड म्हणजे खेळाडूचं चित्र, ही आपल्या लहानपणची समजूत. आम्ही काड्यापेटीचे छाप जमवायचो तेव्हा वाघाचा छाप कुठल्या जिल्ह्यातून आला हे कुणी विचारलं नाही. त्या अज्ञानात बालपण गेलं. आता कार्ड म्हणजे प्रतिनिधित्व. मुलाला ‘अनुशेष’ हा शब्द याच वयात शिकवा. १९८३ साली दांडेकर समितीनं महाराष्ट्रातले रस्ते, पाटबंधारे, शाळा, विजेचे पंप असं एकेक मोजून कुठल्या भागाला किती कमी मिळालं ते काढायला घेतलं होतं. तुम्हाला तर नुसती पुठ्ठ्याची कार्डं मोजायची आहेत.

मोजायला बसलात की पहिली अडचण भागाकाराची. टॉप्स कंपनीच्या १९८२ ते १९९२ या वर्षांच्या मुख्य संचांत ७९२ कार्डं असायची. छपाईच्या एका मोठ्या तावावर १३२ कार्डं बसत, असे सहा ताव, म्हणून ७९२. म्हणजे आकडा ठरवला तो कागदानं. संघ तेव्हा होते २६. प्रत्येकी ३० वाटली की १२ उरतात. या १२ कार्डांचं काय झालं, हा प्रश्न विचारायला तुम्ही चाळीस वर्षं उशिरा आलात, पण विचारा. विक्रमवीर, ऑलस्टार (म्हणजे निवडक तारे) आणि संचातल्या कार्डांच्या यादीची कार्डंही त्याच ७९२ मध्ये बसवायची असत, असं कुणी सांगू लागलं तर त्याच्याकडे संशयानं बघा. तो बहुधा न्यू यॉर्कचा, म्हणजे यांकीजवाला असेल.

तत्त्व कुठलं धरायचं, याबाबत मात्र लवचिक राहा. आपला संघ हरत असेल तेव्हा समानतेचा आग्रह धरायचा: सगळे संघ सारखे, सगळ्यांना सारखी कार्डं. आपला संघ जिंकायला लागला की गुणवत्तेची भाषा सुरू करायची. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, १९०० नंतरच्या काळात एवढं कुणीच हरलं नव्हतं. त्यांच्या चाहत्यांनी त्या हिवाळ्यात समानतेवर काढलेले उद्गार कुठल्याही घटना समितीत शोभले असते. आमच्याकडे पॉल स्कीन्स हा पिचर आल्यापासून मी स्वतः गुणवत्तावादी झालो आहे. २०२५ मध्ये त्यानं नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा देऊन सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी त्याच्या नावावर विजय १० आणि पराभवही १०. पायरेट्सनी त्याला किती धावा काढून दिल्या, हे यावरून ओळखा. पण तो वेगळा अनुशेष.

इतिहास येत असेल तर वादात वजन पडतं, म्हणून १९५२ चा दाखला पाठ करा. त्या वर्षी टॉप्सनं ४०७ कार्डांचा तो प्रसिद्ध संच काढला. संघ १६. कार्डांची शेवटची मालिका ३११ क्रमांकापासून सुरू होते. तिच्यातली पहिली तीन कार्डं तावावर दोन-दोनदा छापलेली, म्हणजे बाकीच्यांच्या दुप्पट. ३११ मिकी मँटल, यांकीज. ३१२ जॅकी रॉबिन्सन, ब्रुकलिन डॉजर्स. ३१३ बॉबी थॉमसन, न्यू यॉर्क जायंट्स. कंपनी ब्रुकलिनची आणि त्या काळी न्यू यॉर्कात संघ तीन. तिघांना एकेक दुप्पट कार्ड. याहून समतोल वाटप कुठल्या मंत्रिमंडळात झालंय सांगा. वाढपी ओळखीचा असला तर पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं म्हणतात. इथे तर पंगत वाढप्याच्याच अंगणात मांडली होती.

पुढची गंमत बघा. ती मालिका बाजारात आली तेव्हा हंगाम संपत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. शेवटी १९६० च्या सुमारास टॉप्सच्या साय बर्गर यांनी गोदामातली उरलेली खोकी बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली, असं ते स्वतःच सांगत. समुद्रानं मात्र पक्षपात केला नाही. यांकी बुडाला, पायरेटही बुडाला. अख्ख्या छंदाच्या इतिहासात संघनिहाय समन्याय झाल्याचा मला सापडलेला हा एकच प्रसंग. मग २०२२ साली दुप्पट छापलेल्या त्याच मँटलचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ‘जास्त छापलं की किंमत पडते’ असं अर्थशास्त्र सांगतं, पण यांकीजना ते बहुधा लागू नसावं.

‘निदान अस्तित्वात असलेल्या संघाला तरी कार्ड द्या’ अशी माफक मागणी कराल, तर तीही जपून करा. १९७४ च्या हंगामाआधी सॅन डिएगो पाड्रेज वॉशिंग्टनला जाणार अशी जोरदार हवा होती. टॉप्सनं पाड्रेजच्या काही खेळाडूंच्या कार्डांवर गावाचं नाव ‘वॉशिंग्टन’ छापूनही टाकलं. मग मॅकडॉनल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ विकत घेतला आणि तो होता तिथेच राहिला. म्हणजे त्या वर्षी जो संघ मैदानावर उतरलाच नाही, त्याची डझनाहून जास्त कार्डं पाकिटांतून वाटली गेली. वॉशिंग्टनला खरा संघ मिळाला २००५ मध्ये, तोही माँट्रियालहून उचलून. आजच्या ‘ॲथलेटिक्स’ या संघाची उलटी गत. २०२४ नंतर ओकलंड सोडलं, लास व्हेगासचं घर अजून बांधून व्हायचंय, मधल्या काळात वेस्ट सॅक्रामेंटोला बिऱ्हाड. नावापुढे गाव लावत नाहीत. माझ्या एक्सेलमध्ये त्यांचा रकाना ‘पत्ता नंतर कळवू’ या नावानं आहे.

वादाच्या ओघात कुणीतरी ऑलस्टार सामन्याचा, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या वार्षिक सामन्याचा, नियम काढेल. तीसही संघांतून किमान एकेक खेळाडू घ्यायचाच, असा तो नियम. हा राखीव जागेचा नियम तुम्हाला आवडेल, मलाही आवडतो. २०२४ मध्ये १२१ पराभववाल्या व्हाइट सॉक्सच्या वाट्याला एक जागा आली, ती गॅरेट क्रोशेला मिळाली. चाहत्यांनी कार्डं जपून ठेवली. डिसेंबरात संघानं त्याला चार नवख्या पोरांच्या बदल्यात बॉस्टनला देऊन टाकलं.

हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. गरीब संघ हरतो, हरतो म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळतो, त्यातून हिरा सापडतो, त्याचं पहिलं कार्ड आपल्या रंगात छापलं जातं. आणि मग हिरा सासरी जातो. गेरिट कोल २०११ साली पहिल्या क्रमांकानं पायरेट्सकडे आला. माझ्याकडे त्याची पिवळ्या-काळ्या कपड्यांतली कार्डं आहेत, माहेरच्या फोटोंसारखी. पुढे तो ह्यूस्टनला गेला आणि २०१९ च्या डिसेंबरात ३२ कोटी ४० लाख डॉलरवर यांकीजचा झाला. तेव्हा मोजणी करताना कोलची जुनी कार्डं कुणाच्या रकान्यात टाकायची? माझं उत्तर: हिशेब आपण करत असू तर यांकीजच्या. अन्यायाचा आकडा मोठा दिसायला हवा.

आता ब्रेककडे वळू. इथे थोडं बसून बोलावं लागेल, कारण संघांमधली विषमता बघायची तर याहून चांगली जागा नाही. ब्रेक म्हणजे असं: एक गृहस्थ कॅमेऱ्यासमोर बसतो, महागडी खोकी फोडतो, आणि तीस जणांनी आधीच तीस संघ विकत घेतलेले असतात. तुमच्या संघाचं जे निघेल ते तुमचं. आपला संघ आपण निवडायचा असेल तर प्रत्येकाचा भाव वेगळा. डॉजर्स, यांकीज सोन्याच्या दरानं. रॉकीज आणि मार्लिन्स कोथिंबिरीच्या जुडीसारखे, बऱ्याचदा दुसऱ्या कशावर तरी फुकट. साड्यांच्या सेलमध्ये ‘एकावर एक’ ठेवलेली दुसरी साडी आठवा. तिचा रंग बघून कुणी दुकानात शिरत नाही.

हा उघड पंक्तिप्रपंच सोसवत नसेल तर तुमच्यासाठी ‘रँडम’ ब्रेक आहे. सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, संगणक नावं ढवळतो, ज्याच्या वाट्याला जो संघ येईल तो. पूर्ण समता. रात्री अकरा वाजता तुम्ही डोळे ताणून बसता आणि यादी सरकत सरकत थांबते. तुमच्यासमोर कोलोराडो रॉकीज. २०२५ मध्ये ११९ पराभव. आपल्या भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर एकदा तरी लागतो. इथे मी सात आठवडे पैसे भरले आणि तीनदा रॉकीज आले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, तिथे चेंडू लांब जातो, एवढं ज्ञान मात्र पदरात पडलं.

यादी लागल्यावर आणि खोकी फोडण्याआधी काही वेळ अदलाबदलीला मुभा असते. तिचा फायदा घ्या. ‘रॉकीज घेता का, वर दहा डॉलर देतो’ असं तुम्ही विचारायचं; पलीकडून हसण्याची चिन्हं येतात. निवडणुकीआधी जागावाटपात मित्रपक्षाला कधीच न जिंकलेले मतदारसंघ कसे आदरानं देऊ केले जातात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही बोलणी जड जाणार नाहीत. त्यानंतर खोकी फुटतात. फोडणारा आरडाओरडा करतो, सही केलेलं कार्ड निघतं, ते डॉजर्सचं असतं. तुम्हाला शेवटी रॉकीजची साधी पाच कार्डं आणि टपालखर्चाचं बिल येतं. पैसे सगळ्यांचे सारखेच घेतले, हे त्या गृहस्थाचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं.

मग तक्रार कुठे करायची? कुठेही करू नका, असा माझा सल्ला. उलट आपल्या संघाची कार्डं आणखी कमी निघावीत म्हणून प्रयत्न करा. जगातलं सगळ्यात गाजलेलं बेसबॉल कार्ड कुणाचं? होनस वॅग्नरचं. कुठला? पिट्सबर्ग पायरेट्सचा. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून येणाऱ्या संचातलं ते कार्ड. वॅग्नरनं संमती दिली नाही, छपाई थांबली, आज मोजकीच उरली आहेत. २०२२ मध्ये एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. आमच्या संघाला प्रतिनिधित्व नाकारण्याची सुरुवात आमच्याच माणसानं केली आणि ती एवढी फळली. मँटलला दोनदा छापावं लागलं, आमच्यानं न छापून भागलं.

स्कीन्सचंही तेच. पहिल्या सामन्यात त्याच्या जर्सीवर लावलेला बिल्ला बसवलेलं, जगात एकच असलेलं कार्ड. ते कुठे निघालं? लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात, म्हणजे डॉजर्सच्या अंगणात. पायरेट्सनी त्या बदल्यात होम प्लेटमागच्या, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागच्या, दोन खुर्च्या तीस वर्षांसाठी देऊ केल्या. कुटुंबानं विचार केला आणि नकार दिला. तीस वर्षं पायरेट्स बघायचे, हे बक्षीस की शिक्षा, याचा त्यांनी नीट अभ्यास केला असावा. मार्च २०२५ मध्ये लिलावात कार्डाचे ११ लाखांहून जास्त डॉलर आले. तर ते पोर म्हणे रोज कार्डं फोडणारं. एक्सेल ठेवत नसणार.

माझं एक्सेल मात्र चालू आहे. गेल्या महिन्यात, निव्वळ अभ्यास म्हणून, शत्रूच्या गोटात काय चाललंय ते बघावं या हेतूनं, मी ब्रेकमध्ये यांकीजची जागा विकत घेतली. किंमत घरात सांगितलेली नाही. दोन तास जागलो. डॉजर्सच्या दोन सह्या निघाल्या, ओरिओल्सची एक, चक्क मार्लिन्सचीसुद्धा एक. यांकीजची साधी अकरा कार्डं आली, त्यात तीन एकाच माणसाची. एवढे पैसे भरून फक्त अकरा. सत्तावीस वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या संघाला ही वागणूक. मी रात्रीच एक नवा रकाना उघडला आहे, ‘यांकीज: अनुशेष’.