पाचर

लाकूड वाळत ठेवलंय असं म्हटलं की आमच्या घरात सगळे आधी न्हाणीतल्या बंबाकडं बघतात. म्हणून जुलैत दिल्लीहून स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या दोन पाचरी आल्या, तेव्हा "हे गिटारसाठी आहे" हे मी दोनदा बजावलं.

"गिटार तयार मिळत न्हाई व्हय?" आई म्हणाली.

मिळते की. पण मला आर्चटॉप करायची होती. साध्या गिटारीचं पोट म्हणजे पातळ, सपाट फळी. आर्चटॉपचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर, आणि ते जाड लाकडातून कोरून काढायचं. अमेरिकेतल्या कालामाझूच्या ऑरव्हिल गिब्सनला कोरलेल्या पोटाच्या मॅन्डोलिनचं पेटंट 1898 साली मिळालं. गिब्सन कंपनीची 1922 ची एल-5 गिटार आली ती व्हायोलिनसारखी, इंग्रजी f च्या आकाराची भोकं घेऊनच. एवढा इतिहास मी आईला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढला.

भाकरीचे चतकोर करावेत तसं खोड मध्यापासून चिरलं की पाचर निघते. ती मधोमध फाडायची, पुस्तकासारखी उघडायची आणि जाड कडा एकमेकींना चिकटवायच्या. पोटाचा उंचवटा बरोबर तिथंच येतो. पण बेळगावच्या जुलैत हे करायचं नसतं. माझा आर्द्रतेचा काटा 88 दाखवत होता, पाहिजेत 45च्या आसपास. पाणी पिऊन फुगलेलं लाकूड आत्ता कोरलं, तर उन्हाळ्यात आकसून तडकणार. म्हणून पाचरी माळ्यावर गेल्या. दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं.

गणपतीत एक पाचर गायब. घरभर शोधली, शेवटी आरतीला वाकलो तेव्हा दिसली. मखराच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली.

"तूच म्हणालास की पाचर हाय म्हणून!"

त्या लाकडात मी इंचाला 15 रेषा मोजल्या होत्या. एक रेष म्हणजे एक वर्ष. आठ इंचांच्या 120 झाल्या. कुठल्यातरी बर्फाळ डोंगरावर ते झाड सव्वाशे वर्षं उभं राहिलं, ते आमच्या टेबलाचा पाय सावरायला. विसर्जनापर्यंत पाचर काढू दिली नाही, हे सांगायला नकोच.

दिवाळीनंतर रंधा हातात घेतला. जोडाच्या कडा एकमेकींवर टेकवून खिडकीशी धरायच्या, मधून उजेड दिसता कामा नये. पहिल्या दिवशी फटीतून समोरच्यांची स्कूटर दिसली. दुसऱ्या दिवशी स्कूटर गेली, उजेड राहिला. चौथ्या दिवशी काळोख झाला आणि मला इतका आनंद झाला की बायकोला वाटलं लाईट आली. कातड्यापासून केलेला सरस साठेक अंशांवर गरम ठेवावा लागतो, थंड झाला की लगेच आळतो. त्याचा वास आल्याबरोबर आईनं मला शेगडीसकट परसात हाकललं.

कोरायला शेजारच्या सुतारमामांकडं गेलो. गोल पटाशीनं बाहेरचा फुगवटा काढला. मग पालथं घालून आतून पोखरायचं. मामांनी उभ्या ड्रिलखाली खुंटी ठोकली, खुंटीचं टोक आणि बिटाचं टोक यांच्यात सात मिलिमीटर सोडले. लाकूड खुंटीवर टेकवत सगळीकडं भोकं पाडायची आणि त्यांचे तळ दिसेनासे होईपर्यंत पटाशी चालवायची. मामांची भाषा कन्नड. ते पोराला ओरडत होते, "मर हिडी! मर!" म्हणजे लाकूड धर. पुण्याहून आलेली मावशी फाटकातच थबकली.

"अगं बाई, केवढा रागीट माणूस! लेकराला मर म्हणतोय!"

तिला समजावेपर्यंत तिची नजर भोकांवर गेली. "लाकडाचं आप्पेपात्र? जळत नाही का?"

यानंतरचं काम घरीच. जाडी मध्ये सहा मिलिमीटर, कडेला जेमतेम चार. अंगठ्याएवढ्या रंध्यानं एक ढलपी काढायची, बोटानं टकटक करून ऐकायचं, परत एक काढायची. सकाळी ठोकळ्यासारखा ठक्क वाजणारा तुकडा संध्याकाळी डग्ग्यासारखा घुमला. एवढ्यावर हात आखडायला हवा होता. पण 'अजून अर्धा मिलिमीटर' ही खाज वाईट. घरातल्या प्रत्येकानं येऊन टकटक केली. आईनं नारळ वाजवावा तशी केली. काही बोलली नाही.

शेवटी मी रंधा खाली ठेवला. झालं म्हटलं. पायाशी पांढऱ्या ढलप्यांचा ढीग पडलेला, निम्म्याहून जास्त लाकूड त्यातच गेलेलं. आई सूप घेऊन आली, ढीग भरला आणि सूप हलवून अंदाज घेतला.

"आणि थोडं काढ की रे," ती म्हणाली. "मावशीला उद्या डोक्यावरनं न्हायचंय."