बिअर कोणाची?

शनिवारी रात्री विद्यापीठाच्या सभागृहातून नाटक बघून बाहेर पडलो तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि चौघांनाही कडकडून भूक लागली होती. आम्ही दोघं, पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली लेक आणि सासूबाई, वय वर्षं 81.

इंदुरात अशा वेळी पाय आपोआप सराफ्याकडे वळतात. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांवर कढया. पण सराफ्यात बसायचं कुठे? द्रोण हातात घेऊन उभं राहायचं, धक्के खायचे आणि मधेच कोणाच्या तरी कोपरामुळे भुट्ट्याचा कीस साडीवर घ्यायचा. सासूबाईंचे गुडघे आता हे मानत नाहीत. मागच्या हिवाळ्यात त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि उठवायला आम्ही दोघं लागलो. तेव्हापासून त्या सराफ्याचं नाव काढलं की म्हणतात, "तुम्ही जा, माझ्यासाठी बांधून आणा." गराडू म्हणजे तळलेला कंद, आणि तो बांधून आणला की त्याचं काय होतं हे इंदूरकरांना सांगायला नको.

लेक म्हणाली, "आपल्या कॉलनीच्या तोंडाशी ते नवीन झालंय ना, तिथे जाऊ. खुर्च्या तर असतील."

त्या जागेच्या पाटीवर 'नेबरहुड गॅस्ट्रोपब' असं लिहिलंय. आमचे हे पाटी वाचून म्हणाले, "गॅस्ट्रो म्हटलं की मला सलाइनची बाटलीच दिसते." विनोद जुना आहे, पण त्यांनी तो केला नसता तर मला काळजी वाटली असती.

हा शब्द मात्र खरंच पोटापाण्याचाच आहे. लंडनमध्ये क्लर्कनवेल भागात 'द ईगल' नावाचा एक रया गेलेला पब होता. 1991 साली दोघांनी तो चालवायला घेतला. त्याआधी दोन वर्षं तिथल्या सरकारने मोठ्या दारू कंपन्यांच्या हातात किती पब अडकून राहावेत याला मर्यादा घातली होती, त्यामुळे बरेच पब कंपन्यांच्या तावडीतून सुटले आणि हाती फार पैसा नसलेल्या माणसांनाही अशी जागा मिळू लागली. या दोघांनी मोठं हॉटेल थाटण्याऐवजी पबातच चूल मांडली. त्या दिवशी काय शिजलंय ते फळ्यावर खडूने लिहायचं, ऑर्डर बारपाशी जाऊन द्यायची, खुर्च्या-टेबलं एकमेकांशी न जुळणारी. तोवर तिथल्या बहुतेक पबांत खायला म्हणजे वेफर्सची पुडी नाहीतर व्हिनेगरमधलं अंडं. पिण्याच्या जागी जेवणही तितकंच चांगलं मिळावं, एवढाच त्यातला विचार.

आपल्याकडे अडचण उलटी होती. इंदुरात चांगलं खायला कधीच कमी नव्हतं. कमी होतं ते एक टेबल. पिणाऱ्यांचा अहाता, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायची जागा, वेगळा, हिरव्या जाळीमागचा. घरच्यांचं छप्पन दुकान, म्हणजे खाऊगल्ली, वेगळं. माझे सासरे दर शनिवारी 'मित्राकडे पत्ते खेळायला' जात. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्या रविवारी सकाळी न विचारता लिंबू-पाणी करून देत राहिल्या, विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही. अहाते आता राहिले नाहीत, एप्रिल 2023 पासून सरकारने बंद केले. पिणारे काही बंद झाले नाहीत, ते उभ्या गाड्यांमध्ये बसू लागले. म्हणून घराजवळ अशी जागा निघाली, जिथे एकाच टेबलावर एकजण बिअर घेतोय, दुसरा ताक आणि तिसरी म्हातारी निवांत सूप पितेय, तर मला ते मनापासून आवडतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे.

आणि हो, आमच्या घरात बिअर मी घेते, हे घेत नाहीत. मुलगा बंगळुरात होता तेव्हा तिथल्या टाकीतल्या ताज्या बिअरची चव लागली. ज्यांना ही पोस्ट इथेच सोडायची असेल त्यांनी खुशाल सोडावी.

आत शिरलो तर स्पीकर छातीत वाजत होता. लेकीने आवाज कमी करायला सांगितलं, वाढणारा मुलगा "जी मैम" म्हणून गेला आणि आवाज तेवढाच राहिला. सासूबाईंनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, पर्समध्ये ठेवलं आणि समाधानाने इकडेतिकडे बघू लागल्या. तेवढ्या वेळेपुरता मला त्यांचा हेवा वाटला.

मेनूकार्ड आलं. दोनच आली, एक ह्यांच्या हातात आणि एक... तेही ह्यांच्यासमोर टेबलावर. अठरा पानं. इंग्रजी 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ), इटालियन, मेक्सिकन, मोमो, पनीरचे सात प्रकार. फळ्यावर मावेल एवढंच शिजवायचं ही ज्याची सुरुवात, त्याचं आपल्याकडे येईतो लग्नाचं बुफे झालं. अठरा पानांचा स्वयंपाक रोज ताजा कसा होईल? फ्रीजरमधूनच होईल.

तरी शेवटच्या पानावर 'मालवा प्लेट्स' असा एक छोटा चौकोन होता आणि तिथे मला स्वयंपाकघरातला कोणीतरी शहाणा माणूस दिसला. गराडू, पण इंग्रजांच्या चिप्ससारखा लांबट कापलेला. आता विचार करा, हे जमणारच होतं. सराफ्यातला गराडूवाला काय करतो? एकदा मंद आचेवर तळून ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात पुन्हा सोडतो. चांगल्या चिप्सही दोनदाच तळतात, आधी आतून शिजाव्यात म्हणून आणि मग वरून कुरकुरीत व्हाव्यात म्हणून. तिकडे मीठ-व्हिनेगर, इकडे जिरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, आणि लिंबू. दोन्हीकडे एकच गंमत, आंबटखारट. तो गराडू बाहेरून कुडकुडीत आणि आतून अगदी मऊ होता. दोनशे पंचेचाळीस रुपयांत मोजून अकरा तुकडे, सराफ्यात एवढ्यात घरच्या सगळ्यांचं होतं. पण सराफ्यात खुर्ची नाही, तिचे पैसे मी आनंदाने दिले. सासूबाईंनी सहा तुकडे खाल्ले. आम्ही उरलेले पाच वाटून घेतले.

भुट्ट्याच्या कीसाची क्रोकेटंही चांगली होती. दुधात शिजवलेला कीस घट्ट करून, गोळे वळून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले. हिंग जरा कमी पडला होता, पण आत राईची फोडणी जिवंत होती.

फिश अँड चिप्स लेकीने मागवलं. इंग्रज कॉड नाहीतर हॅडॉक वापरतात, इंदूर समुद्रापासून लांब, इथे गोठवलेला बासा येणार हे धरूनच चालायचं. त्याबद्दल तक्रार नाही. पिठात बिअर घातली की तिच्यातल्या बुडबुड्यांमुळे आवरण हलकं आणि खुसखुशीत होतं, तेही झालेलं असावं. पण मग तो गरम मासा वर्तमानपत्रासारखं छापलेल्या कागदात गुंडाळून खोल बादलीत उभा केला आणि वर झाकणासारखा पाव ठेवला. आपल्याच वाफेत बिचारा भिजला. टेबलावर आला तेव्हा आवरण मोज्यासारखं निघून आलं. फोटोसाठी केलेल्या मांडणीने आचाऱ्याची मेहनत कशी वाया जाते ते बघायचं असेल तर ही बादली बघा.

सासूबाईंसाठी मशरूमचा पाय मागवला, वर मॅश्ड बटाटा. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "अगं, हे तर उष्टावणाचं." दात नसलेल्या माणसाने केलेली ही स्तुती समजावी. त्यांनी सगळं संपवलं.

आता बिअर. मी गव्हाची बिअर सांगितली. मी, स्वतःच्या तोंडाने, मुलाच्या डोळ्यांत बघून. आमच्या ह्यांनी लिंबू-सोडा सांगितला. दहा मिनिटांनी मुलगा आला, फेसाळता ग्लास ह्यांच्यासमोर आणि लिंबू-सोडा माझ्यासमोर. आम्ही हसून अदलाबदल केली. दुसरा ग्लास आला, पुन्हा ह्यांच्यासमोर. तोपर्यंत माझ्यासमोर अर्धा संपलेला पहिला ग्लास होता, बरं का, फेसासकट. तिसऱ्यांदा लेकीने चवीपुरता छोटा ग्लास मागवला, स्टाउट म्हणजे काळी बिअर, तोही ह्यांच्याकडेच. ह्यांच्यासमोर आता एक छोटंसं दुकान झालं होतं. तेव्हा, कानात यंत्र नसलेल्या आणि इतका वेळ एक शब्द न बोललेल्या सासूबाईंनी, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "अरे बेटा, बियर बहू की है!"

पलीकडची तीन टेबलं वळली. मुलगा लाल झाला. मीही थोडी झाले, खोटं कशाला बोलू.

मी त्याला विचारलं, या बिअरला केळ्याचा वास का येतो? "मैम, बनाना फ्लेवर डालते हैं." नाही रे बाबा. या प्रकारच्या बिअरचं यीस्टच असं असतं की आंबताना केळं आणि लवंगेसारखा वास आपोआप तयार होतो, कोणी केळं घालत नाही. काचेमागे टाक्या उभ्या आहेत, त्यांत बिअर बनवणारा माणूस महिन्यातून एकदा तरी या पोरांशी पाच मिनिटं बोलला असता तर! मग विचारलं, पाय कसा आहे? तो म्हणाला, "मैम, हमने कभी खाया नहीं."

मला वाटतं सगळं इथेच अडलंय. मुलगा धारकडचा, लागून तीन महिने झालेले, दुपारी बारापासून उभा. अठरा पानांचा मेनू तो विकतोय आणि त्यातलं एक पानसुद्धा त्याने चाखलेलं नाही. आमच्या चौकातल्या पोहेवाल्याकडचा पोऱ्या सकाळी सहाला पहिली प्लेट स्वतः खातो. म्हणून तो सांगू शकतो, "आंटी, आज जीरावन तेज है, कम डालूँ?" त्याला कोणी 'सर्व्हिस' शिकवलेली नाही. त्याला फक्त पोहे माहीत आहेत आणि आंटी माहीत आहेत. इथे छताला लोंबणारे पितळी दिवे आहेत, भिंतीवर दुहेरी मजल्याच्या बसचं चित्र आहे, आणि वाढणाऱ्या पोराने पाय चाखलेला नाही. मालकांनो, एक दिवा कमी लावा. आठवड्यातून एकदा दुपारी त्या पोरांना टेबलावर बसवून जेवू घाला, त्यांनाच कोणीतरी वाढा. बिअर नेहमी पुरुषाचीच असते हे त्यांनी तुमच्याकडेच शिकलेलं नसेल, घरून आणलं असेल. पण ऑर्डर कोणी दिली तेवढं लक्षात ठेवायला तर शिकवता येतं. खुर्चीचा नंबर लिहायची साधी पद्धत असते.

बिलाचं थोडक्यात. जेवणावर पाच टक्के जीएसटी, दारू जीएसटीच्या बाहेर म्हणून तिचा व्हॅट वेगळा, इथवर ठीक. खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला, तीनशे चोवीस रुपये. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत, खालच्या ओळी आधी वाचते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हा चार्ज परस्पर जोडता येणार नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मॅनेजर म्हणाला, "मैम, स्टाफ को ही जाता है." मी मुलाकडे बघितलं. त्याने काउंटरकडे बघितलं आणि म्हणाला, "मिलता होगा." तो 'होगा' ऐकून मी चार्ज काढायला लावला आणि दोनशे रुपये पोराच्या हातात दिले. मॅनेजरने वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. (1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, लिहून ठेवा. मला तो लागला नाही, पण पर्समध्ये असलेला बरा.)

घरी येताना सात मिनिटं चालत आलो, थंडी मस्त होती. सासूबाईंनी कानात यंत्र घातलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गराडू किती दिवस मिळेल गं अजून?"

म्हणून बुधवारी पुन्हा गेलो, संध्याकाळी सातला, स्पीकर जागा व्हायच्या आत. फक्त शेवटचं पान मागवलं. गराडू तसाच, उत्तम. धारचा मुलगा दिसला नाही, विचारलं तर म्हणाले सोडून गेला. नवीन पोरगा आला, त्याच्याहून लहान, कडक इस्त्रीचा शर्ट. मी बिअर सांगितली, ह्यांनी लिंबू-सोडा. दहा मिनिटांनी त्याने ग्लास आणला आणि ह्यांच्यासमोर ठेवला.

सासूबाई लेकीशी फोनवर बोलत होत्या. बोलणं न थांबवता त्यांनी हात लांब केला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.