नुसतं औषध बदलून भागत नाही

‘दरवर्षी तणनाशकाचा गट बदला, प्रतिकार येणार नाही’ हे तणनाशकांवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. गट म्हणजे तणाला एकाच पद्धतीनं मारणारी औषधं. तणानं औषध पचवायची ताकद कमावली की गट बदलूनही ते वाचू शकतं. गव्हाच्या रोपात आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक मोडून टाकणारी विकरं (एन्झाइम) असतात, म्हणून गहू जगतो. पंजाब-हरियाणातल्या गुल्ली-डंडा या गव्हातल्या तणानं १९९०च्या दशकात नेमकं तेच साधलं. अशी विकरं कधीही न फवारलेलं वेगळ्या गटाचं औषधसुद्धा मोडू शकतात.

आणि कमी मात्रेबद्दल लेखात एक ओळही नाही, ते फार खटकलं. माझं शेत काटोलकडे. एकरभराची बाटली आम्ही दीड एकरावर पुरवायचो. सोयाबीनमधलं गवत आठ-दहा दिवस पिवळं पडायचं, मग मधल्या पोंग्यातून हिरवी पात निघायची. अर्धवट मात्रेतून वाचलेली अशी झाडंच बी टाकतात, थोडीफार पचवणारी झाडं एकमेकांत मिसळतात आणि पुढची पिढी जास्त निगरगट्ट होते. आता मात्रा पूर्ण घेतो, डवरणी सोडत नाही, आणि उरलेलं गवत बी धरायच्या आत निंदून धुऱ्याबाहेर काढतो. निंदणाची मजुरी जड जाते, तरी काढतोच.