डागाची मोजणी

साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या आमच्या सोसायटीत, गाडीखाली पडलेल्या तेलाच्या डागाभोवती खडूने हद्द आखून आत तारीख लिहिण्याची पद्धत नुकतीच सुरू झाली असून तो मान अद्याप केवळ माझ्याच गाडीला मिळालेला आहे. गाडी जुनी आहे आणि तेल गळते, हे मला मान्य आहे. परंतु गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्याआधीच ‘इंजिन उतरवावं लागंल’ असे सांगून जो आकडा उच्चारला, त्यात गाडीची निम्मी किंमत निघाली असती; म्हणून रविवारी सकाळी पाने, जॅक, स्टँड आणि एक जुनी चादर घेऊन मीच पार्किंगमध्ये उतरलो.

तेलगळतीत खरे काम गळती थांबवण्याचे नसून ती शोधण्याचे असते. थेंब खाली ऑइल चेंबरच्या नटावर लोंबताना दिसतो, म्हणून सगळे चेंबरला दोषी धरतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तेल वर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून निघते, इंजिनाच्या पाठीवरून ओघळते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने आणखी मागे पसरते आणि सर्वांत खालच्या जागी येऊन गोळा होते. यावर उपाय असा की, थंड इंजिन स्वच्छ पुसून पुरते कोरडे करावे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवावी. पांढऱ्या पावडरीत पहिली काळी रेघ जिथून उतरते, तो उगम. माझा उगम टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात सापडला. इंजिन उतरवण्याचे कारण कुठेच सापडले नाही.

गाडी स्टँडवर चढवून मी रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप पाहत होतो, तेवढ्यात नाना आले. नानांची हयात जमिनी मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते सोसायटीचे सचिव झाले. त्यांच्या हातात टेप, बगलेत वही आणि कानावर खडू होता.

“सर, पाय आखडा. हद्दीत आलाय.”

मी पाय आखडले.

“पूर्वेस काय लिहू?”

“कशाच्या पूर्वेस?”

“डागाच्या. पंचनाम्याला चतुःसीमा लागती. दक्षिणेस जिना धरलाय, पश्चिमेस पाण्याची मोटर. उत्तरेस तुमचं डोकं हाय, पण ते काय कायमचं न्हाई.”

त्यांनी टेपचे एक टोक माझ्या हातात दिले आणि मीही, का कोण जाणे, ते मुकाट्याने डागाच्या कडेला धरले. नानांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, डागाला जिथे बाक आला आहे तिथे त्याचे दोन त्रिकोण पाडले आणि वहीत बराच वेळ गुणाकार केला. “दोन चौरस फूट भरतंय,” ते म्हणाले. “गुंठा १०८९ फुटांचा. म्हणजे तुम्ही गुंठ्याचा साधारण पाचशे चव्वेचाळिसावा हिस्सा तेलाखाली आणलाय.” त्यांच्या आवाजात मला, खोटे का सांगा, थोडे कौतुकही ऐकू आले.

“आणि हे पांढरं?”

“टाल्कम पावडर. गळती दिसावी म्हणून.”

“वहिनींची?”

मी उत्तर दिले नाही. नानांनी लिहिले, ‘घटनास्थळी सुगंधी भुकटी आढळली.’

पुढचे काम सोपे होते. जुने पॅकिंग काढले तेव्हा ते रबर उरलेच नव्हते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळून त्याची चकली झाली होती. जागा घासून पुसली, पोवई नाक्यावरून आणलेले नवे पॅकिंग बसवले, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना लावले. ते सढळ हाताने थापणाऱ्यांना माहीत नसते की आत सांडलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. कव्हरचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळले. बारीक बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. त्यापुढे माणसाची ताकद दिसते आणि आटे जातात.

होज पाइपचे दुखणे जुने. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ, फुलांच्या दिवसांत कासला जाताना यवतेश्वर घाटातली मुंगीच्या गतीची रांग, हे सगळे शेवटी रेडिएटरच्या रबरी पाइपवरच येते. टोपणाच्या दाबामुळे आतले पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापू शकते, म्हणूनच गरम इंजिनावर टोपण उघडायचे नसते. आणि तोच दाब रात्रंदिवस सोसणारा पाइप क्लिपपाशी फुगतो, दाबला तर करकरतो. असा पाइप ओढून काढू नये, रेडिएटरची प्लॅस्टिकची मान तुटते; ब्लेडने उभा चिरून सोलून काढावा. मी चिरला. खाली तसराळे ठेवले होते, तरी हिरवे कूलंट थोडे बाहेर सांडलेच.

“हा दुसरा डाग,” नाना उत्साहाने म्हणाले. “पोटहिस्सा पाडावा लागंल.”

कूलंट चवीला गोड असते आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने जनावरांची मूत्रपिंडे निकामी होतात. सोसायटीचा कुत्रा वास घेत आला, तेव्हा एका हाताने त्याला हाकलत दुसऱ्या हाताने फडके टाकण्याची धडपड मी करत होतो आणि नाना मला विनवत होते, “पुसू नका सर, अजून माप न्हाई झालं!” या वेळी मला मनापासून राग आला. वीस-बावीस बिऱ्हाडांच्या इमारतीत पाना धरून देईल असा एक माणूस खाली उतरला नव्हता. साक्षीदार म्हणून मात्र दोघे उतरले.

मी पुसलेच. नानांनी ‘पुरावा नष्ट केला’ असे लिहून वही पुढे केली. सही करायला मी पेन मागितले.

“पेन खराब होईल. अंगठा द्या, शाई हाताला लागलेलीच हाय.”

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने अध्यक्षांच्या स्कूटरशेजारी उभे राहून पंचनाम्यावर अंगठा उठवला. त्या स्कूटरखाली परातीएवढा काळा डाग आहे. त्याची मोजणी कधी, असे मी विचारले.

“तो मोजता येत न्हाई,” नाना वही मिटत म्हणाले. “तो वहिवाटीचा हाय.”

आता गाडीतून तेलाचा थेंब पडत नाही. या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात ‘डाग निर्मूलन खर्च, ३०० रुपये’ अशी नवी ओळ आली आहे, आणि दोन चौरस फूट जिथल्या तिथे आहेत; निर्मूलनाला कोण येणार, हे विचारले तर तो विषय पुढच्या सभेपुढे ठेवू, असे लेखी उत्तर मिळाले.