दाखल्यावरचं नाव, दर बॅचला तोच घोळ

नाशिकच्या सातपूरला आमच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल्यांचं टेबल माझ्याकडे आहे. आज परत तेच. वेल्डिंगच्या बॅचचा मुलगा धापा टाकत आला. अंबडच्या एका कंपनीत उद्या रुजू व्हायचंय आणि नाव जुळत नाही म्हणून कागद परत पाठवलेत. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत डी-एननं सुरू होतं, आमच्या प्रमाणपत्रावर जी-वायनं. अरे, माणूस एकच आहे ना!

कितीदा सांगितलं, प्रवेशाच्या दिवशी दहावीची मार्कशीट आणि आधार समोर ठेवा, एकेक अक्षर लावून बघा, मुलाला वाचायला लावा, मग सही घ्या. दोन मिनिटांचं काम. पण नाही, ‘नंतर बघू’! मग तीच चूक हजेरीत, तीच परीक्षेच्या यादीत, तीच प्रमाणपत्रावर. पुढे दुरुस्तीचा अर्ज, हमीपत्र, जुना कागद जमा, नवा येईपर्यंत वाट बघा. (मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, तो गोंधळ वेगळाच.)

सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधला दाखला २०१७ पासून मूळ कागदाच्या बरोबरीचा मानतात. पण तिथेही नाव आधारशी जुळलं नाही की बरेचदा दाखला निघत नाही.

त्या मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती. दिंडोरीहून आलेली, सगळे कागद दुधाच्या पिशवीत घड्या घालून मांडीवर धरलेले. ‘ताई, आज होईल ना?’ म्हणाली. आज होणार नव्हतं.