ओसाकाचा किल्ला खोटा कसा?

पक्या जपान फिरून आला आणि काल कट्ट्यावर आल्या आल्या बार उडवला. "ओसाकाच्या किल्ल्यावर पैसे घालू नका. लांबून झकास दिसतो, आत शिरलं की सगळं काँक्रीट. लिफ्ट आहे लिफ्ट! बघायचा तर हिमेजी बघा."

हिमेजीबद्दल दुमत नव्हतंच. मुख्य मनोरा १६०९ सालचा, लाकडी. दारात बूट काढायचे, पिशवीत घालायचे आणि ती पिशवी सांभाळत वर चढायचं. जिने असे उभे, की पक्यासारखा दर रविवारी गड चढणारा गडीही उतरताना कठडा धरून उतरला. आत सामानसुमान जवळजवळ नाही. जाडजूड खांब आणि मोज्यांखाली गुळगुळीत लागणाऱ्या फळ्या, बस्स. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचं शहर जळालं, हा वाचला. असे जुने मनोरे अख्ख्या जपानात बाराच उरलेत.

"म्हणून ओसाका खोटा?" शिल्पी उसळली. ती आईला घेऊन गेली होती, आणि काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. "ओसाकाला आईने वरून सगळं शहर बघितलं. हिमेजीला ती खाली अंगणात बसून राहिली."

"सोय वेगळी, इतिहास वेगळा," पक्या ठाम.

मग अण्णा बोलले. ते नोकरीमुळे ओसाकात राहिलेले, त्यामुळे सनावळी तोंडपाठ. हिदेयोशी म्हणजे सोळाव्या शतकात जपान एका हाताखाली आणणारा सरदार. त्याचा मनोरा १५८५ चा, तो १६१५ च्या लढाईत जळाला. ती लढाई जिंकणाऱ्या तोकुगावा घराण्याने १६२६ मध्ये नवा उभारला, १६६५ मध्ये त्यावर वीज पडली. पुढे अडीचशेहून जास्त वर्षं तिथे मनोराच नव्हता. आजचा १९३१ चा, लोकांनी वर्गणी काढून बांधलेला. जागा लष्कराकडे होती, म्हणून त्याच वर्गणीतून लष्कराला मुख्यालयही बांधून द्यावं लागलं. "पहिला तीस वर्षं टिकला, दुसरा एकोणचाळीस. हा नव्वदी ओलांडून उभा आहे, १९४५ चे बॉम्ब झेलून. तिघांत दीर्घायुषी हाच. मग खोटा कोण रे?"

पक्याही कच्चा नव्हता. "अण्णा, पाया तोकुगावांचा, वरचा मनोरा हिदेयोशीच्या धर्तीचा, तोही जुन्या चित्रावरून. असा किल्ला तिथे कधीच नव्हता!"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी अण्णांच्या बाजूने आहे. हा सोळाव्या शतकातला किल्ला नाही, १९३१ च्या ओसाकाकरांनी आपल्या शहरासाठी उभारलेली वास्तू आहे, आणि तशी ती शंभर टक्के अस्सल आहे. १९९७ पासून जपान सरकारच्या सांस्कृतिक वारशाच्या नोंदीत आहे. हिदेयोशीला शोधायला आत जाणारा हिरमुसणारच.

वाद तिथेच मिटला असता, पण अण्णांनी नागोयाचा किल्ला काढला. तिथला मनोरा १९४५ मध्ये जळाला, १९५९ मध्ये काँक्रीटचा झाला. २०१८ पासून तो बंद आहे, कारण आता पुन्हा मूळ पद्धतीने लाकडात बांधायचं ठरतंय. त्यात लिफ्ट ठेवायची की नाही, यावरून अपंगांच्या संघटना आणि महापालिका वर्षानुवर्षं भांडताहेत.

"नकोच लिफ्ट," पक्या म्हणाला.

"आईसमोर म्हणून दाखव," शिल्पी म्हणाली.