सातबाऱ्यावर रायफल मिळत नाही

‘रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीमागे हाताने खिट्टी ओढायची) रायफल सातबारा दाखवून विकत घेता येते, .३१५ किंवा .३०३ घ्या’ असा मेसेज यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत फिरतोय. तो खोटा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना, मग दुकान. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. त्यातही .३०३ हा निषिद्ध बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना बंदी असलेलं नळीचं माप; सर्वसाधारण परवान्यावर .३१५ चालते, .३०३ नाही. शिवाय रायफल हाती आली म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. एका रात्रीत उकरलेलं तुरीचं वावर मी पाहिलंय, संताप कळतो. पण मायबाप शेतकऱ्यांनो, या मेसेजवर कुणाला आगाऊ पैसे देऊ नका. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र वनविभागाकडे लगेच टाका.